ऊसतोडीला निघण्याआधी: दवाखान्याची फाईल मोबाईलवर कशी आणायची

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातल्या गावांतून टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी चढतात, धान्याची पोती चढतात, कोंबड्या आणि पोरं चढतात. दवाखान्याची फाईल मात्र बहुतेक वेळा घरीच राहते, पत्र्याच्या पेटीत किंवा फळीवरच्या पिशवीत. मग पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या फडावर कोणाचं बीपी वाढतं, कोणाची साखर चढते, कोणाला अवेळी कळा येतात. तिथला डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, "आधी कोणती गोळी चालू होती?" आणि उत्तर येतं, "पांढरी, बारीक. रात्री घ्यायची."

त्या उत्तराच्या जागी गोळीचं नाव यावं एवढ्यासाठी हा लेख लिहितोय. फोन हाताळता येणाऱ्या माणसासाठी तो आहे: घरातला कॉलेजला जाणारा मुलगा, बचत गटातली एखादी ताई, आशाताई, शाळेतले गुरुजी. कोयता घेऊन निघणाऱ्या माणसाला हे सगळं एकट्याने करायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. मी उदाहरणं ऊसतोडीची देतोय, कारण तीच जवळून पाहिली आहेत. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं, नाक्यावर उभे राहणारे मजूर, मुलं पुण्या-मुंबईला गेल्यावर गावात एकटे राहिलेले म्हातारा-म्हातारी, यांनाही हीच पद्धत लागू पडते.

तीन कार्डांचा घोळ आधी मिटवा

गावात "आभा काढलं का?" असं विचारलं की निम्मी माणसं "हो, पाच लाखांचं ना?" म्हणतात. इथेच गाडी चुकते.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. हा १४ अंकी नंबर आहे आणि तो फक्त कागदपत्रांसाठी आहे. त्यावर एक रुपयाही मिळत नाही. केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली तो मिळतो. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवतं.

आयुष्मान कार्ड वेगळं. ते प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं, पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. आणि आपल्या राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी आता केंद्राच्या योजनेला जोडून चालते आणि जिच्यासाठी रेशनकार्ड लागतं, ती तिसरी. पैशाचं काम या दोन योजना करतात. आभा त्या भानगडीत नाही.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. आभा ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून कोणताही दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. कोणी नाकारत असेल तर त्याला तोंडावर सांगा.

आता आभा चालतं कसं? तुमचे रिपोर्ट दिल्लीत कुठल्या एका मोठ्या कपाटात जाऊन पडत नाहीत. ज्या दवाखान्यात तपासणी झाली, तिथल्याच संगणकावर ते राहतात. आभा नंबर हा फक्त दोरा आहे, मणी त्या त्या दवाखान्यात असतात. तुम्ही परवानगी दिली की दुसऱ्या दवाखान्याला ते मणी दोऱ्यातून दिसतात. म्हणूनच शिबिरात रांग लावून काढलेलं, लॅमिनेट करून भिंतीला टांगलेलं कार्ड कोरं असतं. त्यात एकही मणी ओवलेला नसतो. शिबिरात कार्डांची संख्या मोजली जाते. माझा आग्रह असा की प्रत्येक कार्डामागे किती कागद जोडले गेले ते मोजावं.

फोनला हात लावण्याआधी: कागदाची पिशवी

एक संध्याकाळ काढा. घरातल्या सगळ्या पिशव्या रिकाम्या करा. प्रत्येक माणसाचे कागद वेगळे करा आणि तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. औषधाच्या दुकानाची बिलंही लगेच फेकू नका. बऱ्याचदा चिठ्ठी हरवलेली असते आणि गोळीचं नाव त्या बिलावरच सापडतं. गोळ्यांची रिकामी पाकिटंही तशीच ठेवा.

ईसीजीची पट्टी आणि सोनोग्राफीचे छोटे काळे फोटो यांची विशेष काळजी घ्या. ते उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात आणि वर्षा-दोन वर्षांत फिके पडतात. पत्र्याच्या घरात तर त्याआधीच. ते हातात आले त्याच दिवशी त्यांची झेरॉक्स काढा आणि फोटो घ्या. एक्स-रेची फिल्म दिवसा खिडकीच्या उजेडासमोर धरून फोटो निघतो, पण पुढच्या डॉक्टरला जास्त उपयोग होतो तो सोबतच्या लेखी रिपोर्टचा. सीटी, एमआरआयची सीडी मिळाली असेल तर तिच्यावर नाव आणि तारीख लिहा.

मग प्रत्येकाच्या फाईलला एक पहिलं पान करा. वहीचा साधा कागद चालतो. त्यावर लिहायचं: आधारवर आहे तसंच्या तसं नाव, जन्मसाल, घरच्या एका माणसाचा मोबाईल नंबर, डॉक्टरने सांगितलेले आजार आणि ते कधीपासून आहेत, आज चालू असलेल्या गोळ्या मिलिग्रॅमसकट आणि वेळेसकट, कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते, कोणती ऑपरेशनं कुठे आणि कोणत्या साली झाली. रक्तगट तपासलेला असेल तरच लिहा, ऐकीव लिहू नका. गोळीचं नाव पाकिटावरून इंग्रजीत जसंच्या तसं उतरवा. मराठीत लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर औषध बदलतं.

आभाचं पुढे काहीही होवो, नेट नसो, फोन पाण्यात पडो, हे एक पान कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत असेल तर निम्मं काम झालं असं मी समजतो.

कागदच नसतील तर

बायकांच्या ऑपरेशनच्या बाबतीत हे फार होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, सरकारने चौकशी समिती नेमली. त्या काळात आणि नंतरही मला अशा बायका भेटल्या, ज्यांना "पिशवी काढली" एवढंच माहीत होतं. अंडाशय ठेवलंय की तेही काढलंय, का काढलं, हे सांगणारा कागद जवळ नव्हता. चाळिशीच्या आत हाडं दुखायला लागली की डॉक्टर नेमकं हेच विचारतात.

कागद मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात, आणि भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं जपून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये हा हक्क मान्य केला आहे. तीन वर्षं उलटली असतील तरी विचारा, पुष्कळ ठिकाणी जुन्या फाईली सापडतात.

तोंडी मागितलं की "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं. लेखी द्या. मजकूर असा:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक / संचालक. विषय: माझ्या उपचारांच्या नोंदींच्या प्रती मिळण्याबाबत. महोदय, मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या रुग्णालयात भरती होते / होतो. नोंदणी क्रमांक (माहीत असल्यास) अमुक. मला डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्यांचे अहवाल आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती हव्या आहेत. झेरॉक्सचा खर्च देण्यास मी तयार आहे. नियमानुसार ७२ तासांत प्रती द्याव्यात ही विनंती. सही / अंगठा, तारीख, मोबाईल."

दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकारातही स्वतःचे कागद मागता येतात. पोच घेतल्यावर माणसं वेगळ्या आवाजात बोलतात, हा माझा अनुभव आहे.

खरी अडचण मोबाईल नंबरची

फोनवर आभा काढण्याची वाट आधारमधून जाते आणि ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. ऊसतोड कुटुंबात हा नंबर पाच वर्षांपूर्वीचा, बंद पडलेला, कधी मुकादमाचा (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचा), कधी गावातल्या सेवा केंद्रवाल्याचा निघतो. सहा महिने परजिल्ह्यात असताना रिचार्ज राहून जातो. सिम ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला देते. मग ओटीपी त्या परक्या माणसाला जातो.

म्हणून आधी घरातल्या कोणाच्या नावाचा कोणता नंबर कायम राहणार आहे ते ठरवा. शक्यतो तो त्या माणसाचाच असावा. मुकादमाचा तर अजिबात नको. उचल (आगाऊ पैसे) देणाऱ्याच्या हातात तुमच्या आजाराची किल्ली द्यायचं काही कारण नाही. कंपनीची सेवा आवडत नसेल तर नवं सिम घेण्याऐवजी नंबर तोच ठेवून कंपनी बदला.

आधारला नंबर जोडण्यासाठी आधार केंद्रात जावं लागतं. बोटांचे ठसे देऊन काम होतं, वेगळे कागद लागत नाहीत, ठरलेलं शुल्क असतं आणि त्याची पावती मिळते. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही घरी येऊन हे काम करतात. म्हाताऱ्या माणसांसाठी पोस्टात जाऊन विचारा. ही सोय मला फार मोलाची वाटते आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे.

आभा काढणं

नंबर चालू असेल तर हे काम पंधरा मिनिटांचं.

१. फोनवर आभा डॉट एबीडीएम डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ उघडा, किंवा प्ले स्टोअरवरून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं आभा अॅप घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या लिंकवरून कधीही नको.

२. आधारचा पर्याय निवडा, नंबर टाका, संमतीचा मजकूर रुग्णाला मराठीत समजावून सांगा आणि मगच टिक करा. "काही नाही, करावं लागतं" म्हणून टिक करू नका.

३. आलेला ओटीपी टाका. रोजच्या वापरासाठी कोणता मोबाईल ठेवायचा ते विचारलं जातं, तिथे आपण ठरवलेला नंबर द्या.

४. आभा पत्ता ठरवा. तो ईमेलसारखा दिसतो, शेवटी अॅट एबीडीएम असतं. सोपा ठेवा. जन्मतारीख किंवा मोबाईल नंबर त्यात घालू नका.

५. कार्ड उतरवून घ्या आणि १४ अंकी नंबर व पत्ता दोन्ही फाईलच्या पहिल्या पानावर पेनने लिहा.

एका आधारवर दोन आभा निघत नाहीत. आधी कधी शिबिरात काढलेलं असेल तर जुनाच नंबर पुढे येतो, घाबरू नका. आधारवर नाव "कौसाबाई" आणि केसपेपरवर "कौशल्या" असेल तर पुढे कागद जोडताना अडतं. तेव्हा आजपासून केसपेपर काढताना आधारवरचंच नाव सांगायची सवय लावा.

स्मार्टफोनच नसेल तर? प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा मोठ्या दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर आभा काढून मिळतं, बोटांच्या ठशावरही. फक्त ऊस तोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीन ठसा घेत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं तेल लावून दहाही बोटं एकेक करून बघा. तरी जमलं नाही तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे का, ते विचारा. त्या माणसाला "तुमचं येत नाही" म्हणून परत पाठवू नका. आयुष्यभर राबून बोटं झिजली, त्याची शिक्षा त्याला का?

आभा काढायला सरकारकडून शुल्क नाही. सेवा केंद्रवाला छपाईचे पैसे घेईल ते वेगळं, पण "आभाची फी" म्हणून कोणी मागत असेल तर देऊ नका.

दवाखान्यात गेल्यावर काय बोलायचं

खरा मणी इथे ओवला जातो. खिडकीवर केसपेपर काढताना एकच वाक्य म्हणायचं: "माझा आभा नंबर आहे, केसपेपर त्याला जोडा." गर्दीत खिडकीवरचा माणूस वैतागतो, तरी म्हणायचं. मग केसपेपरवर तो नंबर छापून आलाय का ते तिथेच बघायचं. नसेल तर पुढे जाण्याआधी परत सांगायचं.

काही दवाखान्यांत भिंतीवर क्यूआर कोड लावलेला असतो. आभा अॅपने तो स्कॅन केला की नाव, वय, लिंग, मोबाईल अशी ओळखीची माहिती खिडकीवर पोचते आणि टोकन नंबर येतो. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्टोबर २०२२ मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि नंतर ठिकठिकाणी पसरली. पुष्कळांना वाटतं की कोड स्कॅन केला की सगळे आजार समोरच्याला कळतात. तसं होत नाही. त्यातून फक्त ओळख जाते, आजाराच्या नोंदींसाठी वेगळी परवानगी लागते.

उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात, तिथेही आभा नंबर द्या. बीपी-शुगरच्या तपासणी मोहिमेतही द्या. टीबीचा रुग्ण असेल तर त्याचा निक्षय क्रमांक (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) पहिल्या पानावर लिहा. औषधं परजिल्ह्यात पुढे चालू ठेवायची तर तिथला आरोग्य कर्मचारी आधी तोच मागेल. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड कोणत्याही अॅपपेक्षा महत्त्वाचं. ते मूळ कार्ड तिच्यासोबतच गेलं पाहिजे, सासूकडे ठेवायचं नाही.

तुमच्या भागातला छोटा खासगी दवाखाना या व्यवस्थेत आलेलाच नसेल, हेही होतं. त्यात तुमची चूक नाही. तिथला कागद पुढे सांगितल्याप्रमाणे फोटो काढून चढवायचा.

जुने कागद आत आणणं

दोन वाटा आहेत. दवाखाना या व्यवस्थेत असेल तर अॅपमध्ये त्याचं नाव शोधा, तुमच्या नावाच्या नोंदी सापडल्या तर त्या निवडा, ओटीपीने खात्री करा आणि जोडा. यासाठी दवाखान्यातला मोबाईल नंबर आणि आभाचा नंबर एकच असेल तर सोपं जातं. नोंदी सापडल्या नाहीत तर दवाखान्यात जाऊन खिडकीवर सांगा की जुना नोंदणी क्रमांक आभाला जोडा.

दुसरी वाट स्वतः फोटो चढवण्याची. कागद जमिनीवर सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात, फोनची सावली पडणार नाही असा. चारही कोपरे दिसले पाहिजेत. फोटो काढल्यावर मोठा करून गोळीचं नाव वाचता येतं का ते बघा. येत नसेल तर परत काढा. नाव देताना आधी साल, मग महिना, मग काय आहे ते: "२०२४ मार्च डिस्चार्ज कार्ड". सगळं चढवत बसू नका. डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, ऑपरेशनची नोंद आणि ते पहिलं पान, इतकं आधी. दहा वर्षांपूर्वीच्या तापाचा केसपेपर डॉक्टरला नको असतो.

हेच सहा-सात फोटो फोनच्या गॅलरीत वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवा. फडावर रेंज नसते. रात्री दोनला टायरगाडीतून ग्रामीण रुग्णालयात नेताना अॅप उघडेलच याची खात्री कोण देणार?

परवानगी देताना हे वाचा

दुसऱ्या दवाखान्याने नोंदी मागितल्या की अॅपवर विनंती येते. त्यात चार गोष्टी असतात: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या तारखांच्या आणि कोणत्या प्रकारच्या नोंदी, आणि परवानगी कधीपर्यंत. बरेचजण मंजूरचं बटण दाबून मोकळे होतात. एकेक बघा. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आलेल्या माणसाला पाच वर्षांचे सगळे रिपोर्ट कशाला? ज्या नोंदी लागतात तेवढ्याच ठेवा, मुदत कमी करा. उपचार संपले की दिलेली परवानगी अॅपमधून मागे घेता येते. न ओळखीच्या नावाची विनंती आली तर नाकारा. नाकारल्याने काही बिघडत नाही.

रुग्ण निरक्षर असेल तर हे त्याला वाचून दाखवायचं आणि त्याच्या तोंडून "हो" ऐकूनच बटण दाबायचं. मदत करणाऱ्याने घाईत स्वतःच ठरवून टाकणं ही मला या सगळ्या कामातली सर्वात वाईट सवय वाटते, आणि ती चांगल्या मनाच्या माणसांनाच लागते.

फोन एक, माणसं पाच

घरात एकच फोन असतो आणि तो बहुधा नवऱ्याकडे किंवा मोठ्या मुलाकडे. आभा त्याच फोनवर असेल तर बाईच्या सगळ्या नोंदी त्याला दिसणार. गर्भपात, कुटुंबनियोजनाची साधनं, गुप्तरोगाची तपासणी, मानसिक आजाराची औषधं, मारहाणीनंतरचा केसपेपर. तिला एकटीला विचारा: "हे फोनवर ठेवायचं का?" ती नको म्हणाली तर ठेवायचं नाही, कारण विचारायचं नाही. कागद तिला ठेवता येईल तिथे ठेवू द्या. विश्वासातल्या आशाताईकडे ठेवला तरी चालेल.

एचआयव्हीची नोंद त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा कायदा मनाई करतो. हे मदतनीसालाही लागू आहे, ओट्यावर बसून मोठ्याने रिपोर्ट वाचणाऱ्यालाही.

फोनला पिन लावा, अॅपला वेगळा पिन लावा. दुकानात फोन दुरुस्तीला देण्याआधी अॅपमधून बाहेर पडा. मदत करणाऱ्याने आपल्या फोनवर दहाजणांची खाती उघडी ठेवू नयेत आणि त्यांचे आधार, रिपोर्ट यांचे फोटो काम झाल्यावर लगेच पुसावेत. "आभा अपडेट करायचंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर कट करा.

माहिती चुकली असेल किंवा खातं नकोसं झालं तर ते बंद करण्याचा, कायमचं काढून टाकण्याचाही पर्याय आहे. अडलं तर १८००-११-४४७७ हा मिशनचा टोल फ्री क्रमांक आहे. फोन लावताना आभा नंबर जवळ ठेवा. ओटीपी मात्र त्यांनाही सांगायचा नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात

टोळी कधी उचलणार हे मुकादमाकडून कळलं की आठ दिवस आधी बसा. चालू गोळ्या संपत आल्या असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जास्तीत जास्त दिवसांच्या मागून घ्या, बाहेरगावी चाललो असं स्पष्ट सांगून. नवी चिठ्ठी असेल तर तिचा फोटो चढवा, पहिलं पान नव्याने लिहा, त्याची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीत राहणाऱ्या सामानात ठेवा. मूळ फाईल घरी विश्वासाच्या माणसाकडे. सिमचं रिचार्ज मार्चपर्यंत टिकेल असं बघा. जाणार त्या कारखान्याजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कोणतं, ते नकाशावर शोधून नाव लिहून द्या.

बाईला कितवा महिना लागलाय, बाळंतपण फडावर होणार की गावी, हेही याच बैठकीत बोलून घ्या. फडावर होणार असेल तर तिच्या आशाताईने तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करून कळवलं तर फार फरक पडतो.

आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून माणसं परत आली की पहिल्या रविवारी पुन्हा पिशवी उघडायची. तिकडच्या दवाखान्याचे केसपेपर, मेडिकलची बिलं, कर्नाटकातून आणलेल्या कानडीतल्या चिठ्ठ्यासुद्धा. त्यातलं औषधाचं नाव इंग्रजीतच असतं, ते वाचता येतं. ते पहिल्या पानावर उतरवायचं, बंद झालेल्या गोळीवर एक रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची.